सर्व्हेत छताला लाल ‘३’ आलाय? इंग्लंडमध्ये घर घेताना काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

ऑफर मान्य झालेली असते, मॉर्गेजचा अर्ज गेलेला असतो आणि मग सर्व्हेचा जाडजूड अहवाल येतो. त्यात छतासमोर लाल ३ आणि खाली ‘करार पक्का करण्याआधी तज्ज्ञाकडून पुढील तपासणी करून घ्या’ असं एक वाक्य. इथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न हमखास पडतो. कोणी घाबरून घर सोडतं. कोणी ‘सर्व्हेअर असं लिहितातच’ म्हणून पुढे जातं. सगळ्यात जास्त लोक त्याच संध्याकाळी एजंटला फोन लावून दहा हजार पौंड कमी करायला सांगतात. तिन्हींत चूक एकच आहे: छताला नेमकं काय झालंय हे कळायच्या आत निर्णय घेतला जातो.

आपली एक अडचण वेगळीही आहे. मुंबई-पुण्यात छत म्हणजे आरसीसी स्लॅब; गळती म्हणजे स्लॅबची भेग, उपाय म्हणजे वॉटरप्रूफिंग. इंग्लंडमधलं घर त्यापेक्षा कोकणातल्या कौलारू घराच्या जवळचं आहे: वासे, रीपा, आढं, पाखी, पन्हळ. फरक एवढाच की कोकणात मंगलोरी कौलं नुसती रिपेवर अडकवलेली असतात आणि पावसाआधी शाकारणी होते, म्हणजे दोष दरवर्षी हाताखालून जातो. इथे स्लेट खिळ्यांनी ठोकलेली असते आणि पन्नास-शंभर वर्षं कोणी हात लावत नाही. त्यामुळे इथल्या छताचं आयुष्य बहुतेक वेळा दगडापेक्षा खिळे, शिसं आणि आतल्या लाकडावर ठरतं.

आधी अहवाल नीट वाचा

आरआयसीएस (सर्व्हेअरांची व्यावसायिक संस्था) हिच्या लेव्हल २ आणि त्याहून सविस्तर लेव्हल ३ सर्व्हेत १ म्हणजे सध्या दुरुस्तीची गरज नाही. २ म्हणजे दुरुस्ती हवी, पण तातडीची किंवा गंभीर नाही. ३ म्हणजे दोष गंभीर आहे, किंवा दुरुस्ती, बदल वा तपासणी तातडीने हवी. या शेवटच्या ‘किंवा’वर बरंच काही अवलंबून असतं. ‘छत खराब आहे’ आणि ‘मला दिसलं नाही, कोणीतरी जवळून पाहा’ या दोन्हींना ३ मिळू शकतो. सर्व्हेअर छतावर चढत नाही. तो जमिनीवरून दुर्बिणीने पाहतो आणि साधारण ३ मीटरपर्यंतची शिडी लावतो. माळ्यावर जायची सोय असेल तर आत डोकावतो, पण लेव्हल २ मध्ये इन्सुलेशन उचलून पाहत नाही.

अहवालात छत एका जागी नसतं. धुराडं ई१ मध्ये, बाहेरचं आवरण ई२ मध्ये, पन्हळी ई३ मध्ये आणि आतला लाकडी सांगाडा एफ१ मध्ये. ई२ आणि एफ१ शेजारी ठेवून वाचा. ई२ ला ३ आणि एफ१ ला १ असेल तर बहुधा कौलं-खिळे-शिसं एवढाच मामला आहे; खर्च होईल, पण घर उभं आहे. उलट बाहेरून सगळं छान आणि एफ१ ला ३ असेल तर जास्त सावध व्हा, कारण सांगाड्याचा दोष कौलं बदलून जात नाही.

मग सर्व्हेअरला फोन करा. बहुतेक जण अहवाल आल्यावर फोनवर बोलतात, आणि लेखी न आलेल्या गोष्टी तिथे कळतात. चार प्रश्न पुरे: हा ३ दोष दिसला म्हणून आहे की दिसलं नाही म्हणून? माळ्यात किती आतपर्यंत जाता आलं? लाकडाची ओल किती टक्के आली आणि कुठे? अहवालात न टाकलेले फोटो मिळतील का? लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली तर ते कुजायचा धोका असतो. १४-१५ टक्के असेल आणि तरी डाग दिसत असेल, तर तो जुन्या, थांबलेल्या गळतीचाही असू शकतो.

बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे. ते बँकेला आपलं कर्ज सुरक्षित आहे का हे कळावं म्हणून असतं. त्यात छताचा उल्लेख नाही म्हणून छत चांगलं, असं धरू नका.

लक्षण: स्लेट सरकलेल्या, मधूनमधून शिशाच्या पट्ट्या लोंबताना दिसतात

व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन घरांवर बहुधा वेल्श स्लेट असते. शाळेच्या पाटीचाच दगड. चांगली वेल्श स्लेट शंभर वर्षांहून जास्त टिकते. तिला धरणारे लोखंडी खिळे मात्र गंजून बारीक होतात आणि तुटतात. याला इथले रूफर ‘नेल सिकनेस’ म्हणतात. सुटलेली स्लेट परत बसवताना खिळा ठोकायला जागा नसते, म्हणून खालून शिशाची किंवा तांब्याची पट्टी वळवून तिला टेकू देतात. ती पट्टी म्हणजे ‘टिंगल’.

रस्त्यापलीकडे उभं राहून टिंगल मोजा. पाच-सहा असतील तर ती साधी देखभाल आहे. एका पाख्यावर तीस-चाळीस असतील तर खिळे एकेक करून संपत चाललेत, आणि यापुढे दर वादळानंतर परांची लागणार. साधारण पाव ते एक तृतीयांश स्लेट सुटल्या असतील, तर तुकड्या-तुकड्याने दुरुस्ती परवडत नाही. पाखं उतरवून पुन्हा लावावं लागतं.

तेव्हा सगळी स्लेट नवी घ्यावी लागत नाही. उतरवलेली स्लेट बोटाच्या पेराने वाजवून पाहतात, आपण माठ वाजवून घेतो तशी. खणखणीत वाजली तर ती परत वापरता येते. बद्द आवाज आला किंवा कडेने पापुद्रे सुटत असतील तर बाद. चांगल्या स्लेट रस्त्याकडच्या पाख्यावर लावून मागे नवी टाकणं ही नेहमीची पद्धत आहे. खिळे तांब्याचे हवेत. कोटेशनमध्ये नुसतं ‘गॅल्व्हनाइज्ड’ असेल तर विचारा, कारण तोच रोग पुन्हा विकत घेण्यात अर्थ नाही.

प्रमाणाचा अंदाज स्वतः काढता येतो. ५०० × २५० मिमीची स्लेट ९० मिमी हेडलॅपने (एक स्लेट दोन ओळी खालच्या स्लेटवर जेवढी चढते ते अंतर) लावली तर चौरस मीटरला १९.५ लागतात. २७ चौ.मी.च्या एका पाख्याला सुमारे ५३०, वर तूटफूट ५ ते १० टक्के. रूफरने ९०० लिहिल्या असतील तर का, हे विचारायला तुमच्याकडे आकडा असतो.

लक्षण: पाख्याला झोळ, आढं मधोमध बसलेलं

हा भाग सगळ्यात काळजीपूर्वक पाहायचा. १९६० ते १९८० च्या दशकांत हजारो जुन्या घरांवरची स्लेट काढून काँक्रीटची इंटरलॉकिंग कौलं बसवली गेली. नैसर्गिक स्लेट चौरस मीटरला साधारण २५ ते ३५ किलो, काँक्रीटचं कौल ४५ ते ५५ किलो. वासे मात्र जुनेच राहिले, अनेक घरांत जेमतेम ७५ ते १०० मिमी खोल.

हिशोब करून पाहा. ५.५ मीटर रुंद आणि ८ मीटर खोल टेरेस्ड घराचं वरून दिसणारं क्षेत्र ४४ चौ.मी. उतार ३५ अंश असेल तर ४४ भागिले ०.८१९, म्हणजे पाख्यांचं खरं क्षेत्र सुमारे ५४ चौ.मी. ३० किलोच्या स्लेटने १.६ टन भार होता, ५० किलोच्या कौलांनी तो २.७ टन झाला. टनाहून जास्त वजन वाढलं आणि आधार तितकाच राहिला.

मग वासे वाकतात, त्यांना मधे पेलणाऱ्या आडव्या पर्लिनला झोळ येतो आणि वाशांची खालची टोकं भिंतीला बाहेर रेटतात. याला ‘रूफ स्प्रेड’ म्हणतात. माळ्यात पाहायचं ते असं: पर्लिनला टेकू देणारे तिरके खांब जागेवर आहेत का, की सामान ठेवायला किंवा माळा वापरायला कोणी ते कापून टाकलेत? पर्लिनला लांबीच्या दिशेने चीर आहे का? वाशाचं खालचं टोक भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरून सुटलंय का? बाहेरून भिंतीचा वरचा भाग पुढे झुकलाय का? वरच्या मजल्यावर छत आणि भिंत मिळतात तिथे ताजी, आतून स्वच्छ दिसणारी भेग आहे का?

झोळ म्हणजे धोका असं समीकरण नाही. शंभर वर्षं जुनं लाकूड भाराखाली सावकाश वाकतं आणि तिथेच थांबतं. भेगेत जुना रंग भरलेला असेल, टेकू शाबूत असतील, भिंत सरळ असेल, तर ते बसलेलं छत पुढेही तसंच राहण्याची शक्यता मोठी. ते चालू आहे की थांबलंय हे ठरवणं मात्र रूफरचं काम नाही, तुमचंही नाही. इथे चार्टर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. उपाय बहुधा नवे टेकू, जोडवासे, वाशांच्या जोड्या बांधणारे आडवे कॉलर किंवा जास्त ताकदीची पर्लिन असा असतो. टेकू खालच्या भारवाहक भिंतीवर उतरला पाहिजे. तो खालच्या खोलीचं छत पेलणाऱ्या आडव्या जॉइस्टवर मधेच उभा केला तर एका जागेचा झोळ दुसऱ्या जागी जातो.

कागदपत्रांची बाजूही आहे. छतावरचा भार १५ टक्क्यांहून जास्त वाढत असेल तर सांगाड्याची तपासणी आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी लागते. ११ नोव्हेंबर १९८५ नंतर मंजुरीशिवाय केलेलं काम ‘रेग्युलरायझेशन’ अर्जाने नियमित करता येतं. त्याआधीच्या कामाचे कागद शोधण्यात वेळ घालवू नका, इंजिनिअरच्या पत्रावर भर द्या.

१९६० च्या दशकानंतरच्या घरांत वाशांऐवजी कारखान्यात बनवलेल्या त्रिकोणी कैच्या, म्हणजे ट्रस असतात. तिथे झोळापेक्षा कैच्या एका बाजूला कलंडणं हा दोष जास्त दिसतो, कारण अनेक जुन्या घरांत तिरके ब्रेसिंग घातलेलंच नाही. कलंडणं किरकोळ असेल तर उपाय स्वस्त आहे: १०० × २५ मिमीच्या पट्ट्या तिरक्या लावून प्रत्येक कैचीवर ३.३५ × ६५ मिमीचे दोन गॅल्व्हनाइज्ड खिळे. पण माळा मोकळा करायला कोणी कैचीचा मधला दांडा कापला असेल, तर इंजिनिअरचं मत येईपर्यंत पुढची कोणतीही पायरी टाकू नका.

लक्षण: माळ्यात ओल, काळी बुरशी, फेल्टवर थेंब

निम्म्या गैरसमजांचं मूळ इथे आहे. अहवालात ‘ओल’ वाचून लोक नवीन छताचं कोटेशन मागवतात आणि ओल घरातल्या वाफेची निघते.

गळती एका जागी असते: धुराड्याशेजारी, दोन पाख्यांमधल्या खोलगट व्हॅलीखाली, सरकलेल्या कौलाखाली. तिचा डाग तपकिरी कडांचा, एकात एक वर्तुळांचा असतो आणि पावसानंतर वाढतो. वाफेची ओल सगळीकडे सारखी पसरते. थंडीतल्या सकाळी फेल्टमधून (कौलांखाली अंथरलेला जलरोधक थर) आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर थेंब दिसतो, बुरशी उत्तरेकडच्या पाख्यावर जास्त असते आणि उन्हाळ्यात सगळं कोरडं होतं. सर्व्हे जुलैत झाला असेल तर लाकडावर वाळलेली बुरशी आणि गंजलेल्या खिळ्यांची टोकं हाच पुरावा उरतो.

कारण साधं आहे. माळ्याच्या तळाशी २७० मिमी इन्सुलेशन टाकलं की खोल्या उबदार राहतात आणि माळा पूर्वीपेक्षा थंड होतो. त्यात ते इन्सुलेशन कडेपर्यंत कोंबलं की पागोळीकडून येणारा वारा बंद. मग बाथरूमची वाफ माळ्याच्या झाकणाच्या फटीतून वर चढते आणि थंड फेल्टवर पाणी होऊन बसते. बाथरूमच्या पंख्याचा पाइप माळ्यातच मोकळा सोडलेला असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

उपाय या क्रमाने: पंख्याचा पाइप बाहेर काढा. झाकणाला रबरी पट्टी लावा. इन्सुलेशन कडेपासून मागे ओढा, वर सुमारे ५० मिमी मोकळी जागा ठेवा आणि ते परत सरकू नये म्हणून प्लॅस्टिकचे ईव्हज ट्रे घाला. १५ अंश किंवा जास्त उताराच्या छताला दोन्ही कडांना सलग १० मिमी फटीइतकी हवा हवी. त्याहून सपाट छताला २५ मिमी. फेल्टच्या जोडात आतून सरकवायचे लॅप व्हेंट मिळतात, त्यांना परांची लागत नाही. हे सगळं नव्या छताच्या खर्चाच्या आसपासही जात नाही.

लक्षण: फेल्ट कडेला कुजलेलं, किंवा मुळीच नाही

जुनं बिटुमेनचं फेल्ट पन्हळीत उतरतं त्या शेवटच्या वीतभर भागात ऊन-पाण्याने ठिसूळ होऊन तुटतं. मग कौलांखालून वाहणारं पाणी पन्हळीत न पडता भिंतीच्या डोक्यावर आणि वाशांच्या टोकांवर पडतं. यासाठी पूर्ण छत उतरवायचं कारण नाही. खालच्या दोन-तीन ओळी काढून प्लॅस्टिकचे सपोर्ट ट्रे सरकवतात आणि कौलं परत लावतात. १.५ मीटरचा ट्रे १५० मिमी चढवून लावला तर ७ मीटरच्या कडेला ६ लागतात, पुढे-मागे मिळून १२. ओळी उघड्या असतानाच वाशांच्या टोकांत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहायला सांगा. तो सहज आत गेला तर ते टोक बदलायचं.

१९३० च्या आधीच्या अनेक घरांत फेल्ट मुळातच नाही. आतून स्लेट दिसते, कधी तिच्या सांध्यांत चुन्याचा गिलावा असतो. असं छत त्या काळच्या रीतीचं आहे आणि कोरडं असू शकतं. सर्व्हेअर ते नोंदवतो कारण एक स्लेट गेली की पाणी थेट आत येतं. एवढ्यावरून किंमत कमी मागणं सहसा टिकत नाही.

धुराडं, शिसं, सपाट छत

प्रत्यक्ष गळती सर्वाधिक वेळा इथे सापडते. धुराड्याची वीट आणि छत जुळतात तिथे शिशाची पट्टी हवी: कोड ४, जाडी १.८ मिमी, एका तुकड्याची लांबी १.५ मीटरच्या आत, भिंतीवर १५० मिमी चढवलेली आणि विटांच्या सांध्यात २५ मिमी आत घुसवलेली. लांब तुकडा लावला तर उन्हाने ताणून-आक्रसून तो फाटतो. अनेक घरांत शिशाऐवजी सिमेंटची गोळी मारलेली असते. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, वीट हलत नाही, मधे सिमेंटला भेग पडते. दरवर्षी नवं सिमेंट थापून ती बुजत नाही.

खालच्या खोलीतलं धुराड्याचं बांधकाम पाडलेलं आणि वर मात्र विटांचा भाग उभा, असं दिसलं तर माळ्यात जाऊन तो कशावर उभा आहे ते पाहायला लावा. नुसत्या त्रिकोणी गॅलोज ब्रॅकेटवर असेल तर लक्षात ठेवा, अनेक कौन्सिलांचा बिल्डिंग कंट्रोल (बांधकाम तपासणारा विभाग) आता ती पद्धत मान्य करत नाही. काहीच आधार नसेल तर हे अहवालातलं सगळ्यात तातडीचं कलम समजा. धुराडं शेजाऱ्यांशी सामाईक असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदाही लागू होतो.

मागच्या एक्स्टेन्शनवरचं फेल्टचं सपाट छत १० ते १५ वर्षांचं. पाणी साचतं का आणि खालचा बोर्ड पायाखाली दबतो का, एवढं पाहा. उताराची आखणी १:४० हवी, म्हणजे प्रत्यक्षात निदान १:८० मिळतो. बोर्ड मऊ झाला असेल तर वरून नवा थर मारून काही होत नाही.

आवरणाखाली फोम फवारलेला असेल

कौलांच्या आतल्या बाजूला पिवळसर-पांढरा फोम दिसला तर आधी मॉर्गेज ब्रोकरशी बोला, रूफरशी नंतर. फोममागचं लाकूड तपासता येत नाही, म्हणून अनेक बँका अशा घरावर कर्ज द्यायला नकार देतात. आज तुम्हाला कर्ज मिळालं तरी विकताना पुढच्या खरेदीदाराला मिळेलच असं नाही. विकणाऱ्याने फोम काढून लाकडाची तपासणी करून द्यावी, मग पुढे जावं. कडक, बंद पेशींचा फोम फेल्टला आणि लाकडाला इतका घट्ट चिकटतो की काढताना आवरणही जातं. तो खर्च गृहीत धरल्याशिवाय किंमत ठरवू नका.

काही छोट्या नोंदी. गॅरेजवरचे करडे पन्हळी पत्रे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असू शकतात, कारण इथे पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. शाबूत असतील तर तसेच राहू द्या, भोक पाडू नका, घासू नका. लाकडात १.५ ते २ मिमीची गोल भोकं साध्या वुडवर्मची आणि बहुधा जुनी असतात. पण वोकिंग, एल्मब्रिज, रनीमीड या सरेच्या पट्ट्यात ६ ते १० मिमीची लांबट भोकं दिसली तर हाउस लाँगहॉर्न बीटल तपासून घ्या. त्या भागात छताच्या लाकडाला प्रक्रिया करण्याचा नियमच आहे. काळ्या लेंड्या बोटांत चुरल्या तर त्या वटवाघळाच्या, उंदराच्या कडक असतात. वटवाघळं कायद्याने संरक्षित आहेत. ती असतील तर छताच्या कामाआधी तज्ज्ञाची पाहणी लागते आणि कामाची तारीख ऋतूवर ठरते.

कोणाला बोलवायचं

सांगाड्यासाठी इंजिनिअर, आवरणासाठी रूफर, आणि ‘दिसलं नाही’ या प्रकारासाठी ड्रोन किंवा लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याची तपासणी. फुकट पाहणी करणारा रूफर काम मिळालं तरच कमावतो, म्हणून त्याच्या तोंडी ‘नवीन छत’ लवकर येतं. शक्य असेल तर पैसे देऊन लेखी अहवाल घ्या आणि त्याला आधीच सांगा की हे काम तुम्हाला मिळणार नाही. माळ्यात जायची परवानगी एजंटमार्फत विकणाऱ्याकडून घ्यावी लागते. नकार आला तर तोही एक माहितीचा तुकडाच आहे.

दोन कोटेशनं घ्या आणि दोन्हींत एकच गोष्टी लिहून मागा: क्षेत्र चौ.मी.मध्ये, स्लेटचं नाव आणि संख्या, रिपेचा आकार (स्लेटला ५० × २५ मिमी), फेल्टचा प्रकार, आढ्यावरची कौलं नुसत्या गाऱ्यात बसवणार की स्क्रू-क्लिपनेही धरणार, शिशाचा कोड, परांची, स्किप (राडारोड्याची पेटी) आणि २० टक्के व्हॅट धरून की सोडून. लहान दुरुस्तीत परांचीच निम्मा खर्च खाते. त्यामुळे पन्हळ, धुराडं आणि सरकलेल्या स्लेट एकाच परांचीत उरकण्याचा भाव वेगळा मागा. छताचा निम्म्याहून जास्त भाग बदलला तर बिल्डिंग कंट्रोल लागतो आणि इन्सुलेशनही सुधारावं लागतं. ‘कॉम्पिटंट रूफर’ योजनेतला रूफर ते स्वतः प्रमाणित करू शकतो.

पैशाचा हिशोब, जो बहुतेक जण चुकवतात

समजा घर ४,००,००० पौंडांचं, डिपॉझिट १० टक्के म्हणजे ४०,०००, कर्ज ३,६०,०००. छतासाठी ८,००० कमी झाले, किंमत ३,९२,०००. आता डिपॉझिट ३९,२००. हातात उरले ८०० पौंड, आणि स्टँप ड्यूटीत ५ टक्क्यांच्या टप्प्यावरचे ४००. बाकीचे ७,२०० कर्जातून कमी झाले. छत मात्र चावी मिळाल्यावर रोख ८,०००नेच होणार आहे. कर्ज ३,६०,०००च ठेवायचं म्हटलं तर ते किमतीच्या ९१.८ टक्के होतं, ९० ची पायरी ओलांडते आणि व्याजदर बदलू शकतो.

म्हणून किंमत कमी करायला सांगण्याआधी छताचे पैसे कुठून येणार हे ठरवा. डिपॉझिट मोठं असेल, समजा ३० टक्के, तर कर्ज तेवढंच ठेवून डिपॉझिटमधले पैसे वाचवता येतात. डिपॉझिट जेमतेम असेल तर दुरुस्ती विकणाऱ्याने आधी करून देणं सोयीचं, पण अटी लेखी हव्यात: कोणता रूफर, कोणतं काम, फोटो, पावती, तुमच्या नावावर फिरणारी हमी आणि तुमच्या सर्व्हेअरची फेरपाहणी. नाहीतर सगळ्यात स्वस्त माणूस येऊन सिमेंट थापून जातो. किमतीतला कोणताही बदल सॉलिसिटरला बँकेला कळवावाच लागतो. ‘बाहेरच्या बाहेर’ पैसे घेण्याचा विचार करू नका. कधी बँक स्वतःच काही रक्कम ‘रिटेन्शन’ म्हणून अडवते आणि काम झाल्यावर सोडते. तेवढी रक्कम खरेदीच्या दिवशी आणि कामाच्या वेळीही तुम्हालाच उभी करावी लागते.

मागणी करण्याआधी अहवालातलं मूल्यांकन पाहा. सर्व्हेअरने ‘सध्याच्या स्थितीत’ किंमत ४,००,००० च लिहिली असेल तर जुनं छत त्यात धरलेलं आहे, असं एजंट म्हणेल आणि त्याचं म्हणणं वजनदार असेल. एजंटला पाठवताना अहवालातलं संबंधित पान आणि दोन कोटेशनं जोडा, पूर्ण अहवाल नको. घर पाहतानाच दिसलेली तुटकी पन्हळ त्यात घालू नका. खरी मागणी त्याने हलकी होते.

सॉलिसिटरकडे काय मागायचं

छत बदललं असेल तर बिल्डिंग कंट्रोलचं पूर्णत्व प्रमाणपत्र आणि हमीपत्र. हमी देणारी कंपनी अजून चालू आहे का ते कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. छतावर सोलर पॅनेल असतील तर ते विकणाऱ्याचे की छत पंचवीस वर्षांसाठी कंपनीला भाड्याने दिलंय, हे विचारा. फ्लॅट लीजहोल्ड असेल तर छत बहुधा फ्रीहोल्डरचं (इमारतीच्या मूळ मालकाचं) असतं, खर्च मात्र सर्व्हिस चार्जमधून सगळ्यांवर येतो. प्रत्येकी २५० पौंडांपेक्षा जास्त खर्चाच्या कामाला ‘सेक्शन २०’ची, म्हणजे फ्लॅटधारकांना आधी कळवणारी नोटीस लागते. ती निघालीय का किंवा निघणार आहे का, हे लेखी घ्या.

प्रमाणपत्र नसेल तर इन्डेम्निटी पॉलिसी सुचवली जाते. ती कौन्सिलच्या कारवाईपासून वाचवते, छत दुरुस्त करत नाही. आणि सॉलिसिटरला विचारल्याशिवाय तुम्ही स्वतः कौन्सिलला फोन करून चौकशी केलीत, तर ती पॉलिसी मिळण्याचा रस्ताच बंद होऊ शकतो.

इंग्लंड-वेल्समध्ये हे सगळं करारांची अदलाबदल होण्याआधी उरकायचं. तोवर कोणीही बांधलेलं नसतं. त्यानंतर माघार घेतली तर डिपॉझिट जातं. स्कॉटलंडमध्ये होम रिपोर्ट, म्हणजे सर्व्हेसकट घराचा अहवाल, विकणारा देतो, त्यामुळे छताचा प्रश्न ऑफर देण्याआधीच सोडवावा लागतो. इंग्लंडमध्ये घराचा विमा बहुधा अदलाबदलीच्या दिवसापासून तुमच्याकडे येतो. अर्ज भरताना सर्व्हेत आलेला छताचा दोष लपवू नका. विमा वादळाचं नुकसान भरतो, झिजलेल्या खिळ्यांचं नाही, आणि दाव्याच्या वेळी हाच सर्व्हे मागितला जाऊ शकतो.